आकाराम हरिबा शिंदे, मॅट्रिक

चोविसावं लागलं तेव्हा मी गाव सोडून मुंबईला नोकरीला जायचं ठरवलं, आणि कागद काढून बघितले तर माझं वय अठ्ठावीस निघालं. जास्तीची चार वर्षं कुणाची हे मला ठाऊक होतं. ती माझ्या कागदांवरून काढायला गेलो आणि त्यातून जे रामायण झालं ते सांगायला बसलो आहे. ऐकणारे हसतात. सुरुवातीला सांगताना मलाही हसू येतं.

आधी आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. विट्याच्या भोवतालच्या गावांत माणूस किती शिकला हे विचारावं लागत नाही. तो कितव्या वर्षी गावाबाहेर पडला एवढं विचारलं की पुरतं. पाटीला हात न लावलेला, किंवा लावून सोडून दिलेला, दहाव्या-अकराव्या वर्षी कुठल्या तरी काकाबरोबर गलाईच्या दुकानात जातो. गलाई म्हणजे जुने दागिने आटवून त्यातलं चोख सोनं निराळं काढण्याचा धंदा. आमच्या माणसांनी तो पार मदुरेपर्यंत नेला आहे. चौथी झालेला चौदाव्या वर्षी जातो, कारण त्याला पत्र लिहिता येतं आणि परमुलखात दुकानाला पत्र लिहिणारा एक लागतोच. सातवीची फायनल झालेला अठराव्या वर्षी पलटणीत नाहीतर मास्तरकीच्या ट्रेनिंगला जातो. मॅट्रिक झालेला अर्ज करतो. उत्तर येईपर्यंत तो गावातच असतो.

मी मॅट्रिक होतो आणि पाच वर्षं अर्ज करत होतो. तोवर नुसतं बसू नये म्हणून गावच्या एकशिक्षकी शाळेत मास्तर झालो होतो. काळा कोट, टोपी आणि छत्री एवढ्या भांडवलावर गावात माझा मान होता. पण शेजारच्या बनुबाई विहिरीवर माझ्या आईला गाठून, धाकटा अजून घरातच काय, असं विचारायच्या. त्यांचा स्वतःचा मुलगा बाराव्या वर्षी कानपूरला गेला होता आणि त्यानं घराला कौलं घातली होती. आमच्या घरात माझं सर्टिफिकेट टांगलेलं होतं आणि त्याच्याच वर छप्पर गळत होतं.

त्रेचाळीस सालच्या जूनमध्ये सांगलीहून धरणेंद्रनं वर्तमानपत्रातलं एक कात्रण पाठवलं. धरणेंद्र हा हायस्कुलातला माझा सोबती, आता तिथंच एका वकिलाकडं कारकून. मुंबईत रेशनिंगचं नवं खातं निघालं होतं आणि त्याला कारकून हवे होते. मॅट्रिक पास, अक्षर चांगलं, वय पंचवीसच्या आत, एवढ्याच अटी. माणसं पुढंही घेतली जाणार होती, लढाई चालू होती तोवर तांदूळ मोजायला माणूस लागणारच होता. मी अर्ज लिहिला, अक्षर माझं मोत्यासारखं, आणि जन्मतारखेच्या रकान्याशी येऊन थांबलो. सर्टिफिकेटावर साल होतं पंधरा. मी जन्मलो एकोणीसला. नावाच्या रकान्यात आणखीच पंचाईत होती, कारण सर्टिफिकेट आकाराम हरिबा शिंदे ह्याचं होतं आणि मी कृष्णात.

आकाराम माझा थोरला भाऊ. तो अकरा वर्षांचा असताना दुसरीत होता, मी सातव्यात होतो आणि अजून शाळेत घातलेला नव्हतो. त्या वर्षी जत्रेला मदुरेहून धुळाकाका आला. त्याला दुकानात भाता ओढायला एक पोरगा पाहिजे होता. त्यानं आम्हा दोघांना भिंतीशी उभं केलं, भात्याचा दांडा किती उंच असतो ते कोळशानं भिंतीवर आखलं आणि हात वर करायला सांगितलं. दादाचा हात रेघेला लागला. माझा चार बोटं कमी पडला. एवढीच आमची प्रवेशपरीक्षा. चौथ्या दिवशी दादा गेला. वय कुणी विचारलं नाही, दाखला कुणी मागितला नाही, अंगात एक सदरा होता आणि दुसरा गाठोड्यात.

इकडं शाळेत निराळाच पेच पडला. पटावर तीस पोरं नसली तर शाळा बंद होणार होती आणि आठ दिवसांत दिपोटीसाहेब, म्हणजे शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, तपासणीला यायचे होते. दादा गेल्यामुळं एकोणतीस राहिली. तेव्हाचे मास्तर आमच्या दारात आले, मला उचलून नेलं, दुसरीच्या रांगेत बसवलं आणि आकाराम म्हटलं की हजर म्हण एवढं शिकवलं. तपासणी झाली की तुझं खरं नाव घालतो म्हणाले. तपासणी झाली आणि त्यांची बदली झाली. मी हजर म्हणत राहिलो. असा मी पहिली न शिकता दुसरीत गेलो आणि दादाच्या नावावर तिसरीत, चौथीत, सांगलीच्या हायस्कुलात आणि शेवटी मॅट्रिकपर्यंत जाऊन पोचलो. घरात कृष्णात, शाळेत आकाराम. पुढं मास्तर झालो तेव्हाही आकाराम मास्तर. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी मी दादाला कार्ड टाकलं होतं, दादा, तू मॅट्रिक पास झालास. कुणाकडून तरी वाचून घेईल आणि हसेल, अशी माझी कल्पना.

तर आता हे सगळं सरळ करायचं होतं. पहिला सल्ला हवालदार लालासाहेबांचा. ते मागच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, आणि गावातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडं पलटण हा एकच उपाय असे. "आवं मास्तर, पलटणीत वय कोन इचारतंय. तितं छाती मोजत्यात," असं म्हणून त्यांनी शिंप्याची पट्टी मागवली आणि देवळाच्या कट्ट्यावर, पाण्याला निघालेल्या बायकांच्या देखत, माझी छाती मोजली. श्वास भरूनही दोन इंच कमी भरली. लालासाहेबांनी पट्टीत चूक असेल म्हणून पुन्हा मोजली आणि तेव्हा अडीच इंच कमी भरली. त्यानंतर आठवडाभर मी शाळेला मागल्या वाटेनं जात होतो.

बनुबाईंनी सल्ला दिला की कागदाच्या मागं लागूच नये, चारचौघांसारखं गलाईच्या दुकानात जावं. मला राग आला. मॅट्रिक झालेल्या माणसानं भाता ओढायचा का, असं मी जरा मोठ्यानंच म्हणालो. आई, अंबूबाई, चुलीशी बसली होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि भाकरी उलटली. त्या बघण्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

मग सरकारी मार्ग धरला. गावच्या चावडीत जन्माची नोंदवही असते. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात चळवळीपायी कुठं कुठं चावडीची दप्तरं जळत होती, त्यामुळं कचेरीतल्या कारकुनानं आधी सहानुभूतीनं विचारलं की तुमचंही जळलं का. आमच्या गावाच्या वाट्याला तेवढासुद्धा मान आला नव्हता. आमचं दप्तर वाळवीनं खाल्लं होतं. त्यातही वाळवीनं एकोणीस सालची पानं साफ केली होती आणि पंधरा सालाला तोंड लावलं नव्हतं. पंधरा सालच्या पानावर आकाराम हरिबा शिंदे ठसठशीत होता. कृष्णात हरिबा शिंदे कुठंच नव्हता. सरकारच्या दृष्टीनं मी जन्मलोच नव्हतो, आणि न जन्मलेल्या माणसाला रेशनिंग खात्यात घेता येत नाही.

सांगलीला गेलो. तेव्हा पेट्रोल लष्करासाठी राखलेलं, म्हणून सर्व्हिसच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. चढ आला की ड्रायव्हर सगळ्यांना उतरवी आणि आम्ही मोटारीच्या मागून चालत चढ चढत असू. कुणी तरी मोटारीला ढकलायचं असतं, ते काम काळ्या कोटातल्या माणसाला सांगायला लोक कचरतात असा माझा समज होता. तो समज तासगावच्या अलीकडं गेला. धरणेंद्रच्या घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. ते जैन, सूर्यास्तानंतर त्यांच्याकडं चूल बंद. त्याच्या आईनं, पद्मावतीबाईंनी, माझ्यापुरतं काही करू का म्हणून विचारलं. मी पोट भरलेल्या माणसाच्या सुरात नको म्हणालो, आणि सकाळपर्यंत धरणेंद्रचे सल्ले ऐकून पोट भरलं.

धरणेंद्रचं म्हणणं असं की कायद्यात प्रत्येक चुकीला एक अर्ज असतो. फक्त योग्य जागी गेला पाहिजे. हायस्कूल म्हणालं, आम्ही प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून नाव घेतलं, आधी तिथं बदला. शिवाय आम्ही संस्थानात, तुमचं गाव इंग्रजी हद्दीत. एका राज्यात जन्मलेल्या माणसाचं नाव दुसऱ्या राज्यानं कसं बदलावं? ह्या प्रश्नावर दोन दरबारांत पत्रव्यवहार होईल, असं हेडक्लार्क मोठ्या समाधानानं म्हणाले.

म्हणजे सुरुवात प्राथमिक शाळेपासून. आमच्या प्राथमिक शाळेचा मास्तर मीच. नियमाप्रमाणं कृष्णात शिंदे ह्यानं शाळेच्या मास्तरांकडं अर्ज करायचा आणि मास्तरांनी तो शेरा मारून साताऱ्याला दिपोटीसाहेबांकडं पाठवायचा. मी कृष्णात म्हणून अर्ज लिहिला, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो आणि आकाराम म्हणून घेतला. अर्जदार सभ्य आहे असा शेरा मारला. साताऱ्याहून विचारणा आली की अर्जदार हेच पटावरचे आकाराम होत, ह्याची शाळेच्या मास्तरांनी स्वतःच्या माहितीवरून खात्री द्यावी. आकाराम मास्तरांनी दिली. ह्यावर पुन्हा विचारणा आली. अर्जदार जर आकाराम नावानं शिकलेले कृष्णात असतील, तर खात्री देणारे आकाराम कोण?

लालासाहेबांनी हे पत्र ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या मते मी कृष्णात ठरलो की मॅट्रिक नाही, आणि चार वर्षं दुसऱ्याच्या नावाची मास्तरकी केली म्हणून आत जाणार. आकाराम ठरलो तर अठ्ठावीसचा, घरी बसणार. आपण कुणीच ठरू नये असं मला त्या आठवड्यात मनापासून वाटत होतं. शेवटी दिपोटीसाहेबांचा हुकूम आला. आकाराम हरिबा शिंदे नावाच्या मूळ इसमानं मामलेदारांपुढं समक्ष हजर होऊन प्रतिज्ञेवर लिहून द्यावं, म्हणजे नाव आणि वय दोन्ही बदलण्याचा विचार करता येईल आणि मास्तरांवर ठपका येणार नाही.

मी दादाला पत्र लिहिलं. एका कागदासाठी तुझी गरज आहे, दिवाळीत ये. कसला कागद ते लिहिलं नाही. लिहायला जागा नव्हती असं नाही, तीन बाजू कोऱ्या होत्या.

दादा आला. सतरा वर्षांत तो तीनदा आला होता, ही चौथी खेप. दुकान वीस दिवस बंद ठेवून, मिरजेपर्यंत रेल्वे आणि पुढं कोळशाची मोटार करून आला आणि का बोलावलं हेसुद्धा विचारलं नाही. भट्टीच्या धगीनं भुवया विरळ झालेल्या, बोटं पिवळी, खोकला बारमाही. मधूनच मदुरेकडचा एखादा शब्द बोलून जाई आणि आई त्यालाही व्हय म्हणे. दारातल्या भिंतीवर धुळाकाकानं आखलेली कोळशाची रेघ सारवणाखाली केव्हाच गेली होती. तरी तो त्या जागी जरा वेळ उभा राहिला. ती रेघ आता त्याच्या बरगडीच्या खाली आली असती.

दुसऱ्या दिवशी विट्याला कचेरीत गेलो. दादाला सही येत नव्हती. कारकून म्हणाला, अंगठा चालेल. शाई लावली, अंगठा दाबला आणि कागदावर एक गोल काळा डाग उमटला. त्यात एकही रेघ नव्हती. कारकुनानं पुन्हा दाबायला लावला. मग डावा अंगठा घेतला. मग एकेक करून दहाही बोटं झाली आणि कागदावर दहा डाग पडले. सोनं निराळं काढायला जे तेजाब लागतं त्यानं दादाच्या बोटांवरच्या रेघा केव्हाच खाऊन टाकल्या होत्या. कारकून म्हणाला, हे असं कुणाच्याही बोटाचं निघेल, ह्यावरून हा इसम कोण ते सांगता येत नाही. मामलेदार दौऱ्यावर निघाले आहेत, पाचव्या दिवशी परततील, तोवर ह्यांना सही शिकवा.

बाहेर आल्यावर दादानं दोन्ही हात उघडून बघितले आणि तो हसला. सतरा वर्षं हातानं काम केलं आणि हात आपला आहे असं सांगायची सोय राहिली नाही, ह्याची त्याला गंमत वाटली. मीही हसलो. आता आठवलं की मला ते हसणं नको वाटतं.

दुपारपासून शिकवणी सुरू झाली. मी शाळेतून पाटी आणली. अठ्ठावीस वर्षांचा विद्यार्थी मांडी घालून बसला. आकाराम हे नाव मी इतकी वर्षं गिरवलं होतं की माझा हात झोपेतही ते लिहील. खरं सांगायचं तर कृष्णात अशी सही मला जमत नव्हती, तिला वळण नव्हतं. तेव्हा एका पाटीच्या दोन बाजूंना दोघा भावांची तयारी चालू झाली. तो आकाराम व्हायला शिकत होता आणि मी आकाराम नसायला. आई मधूनमधून येऊन उभी राहायची. "एकदाची दोघं एका पाटीवर बसलासा," म्हणाली आणि आत गेली.

दादाचा हात पक्का होता. वितळलेलं सोनं मुशीतून न सांडता ओतणारा हात तो. दोन दिवसांत नाव आलं, तिसऱ्या दिवशी बापाचं नाव आणि आडनाव. माझ्या वर्गातली पोरं ह्याला चार महिने घेतात. हा शाळेत राहिला असता तर कुठं गेला असता असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो घाईनं पुसला, कारण पाटी पुसायची होतीच.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दादानं आकाराम हरिबा शिंदे असं सफाईनं लिहून दाखवलं आणि पाटी माझ्याकडं सरकवली. "आता म्होरं मॅट्रिक बी शिकीव," म्हणाला.

मी म्हणालो, कशाला?

त्यानं बंडीच्या आतल्या खिशातून फडक्याची घडी काढली. त्यात माझं पाच वर्षांपूर्वीचं कार्ड होतं. घडीवर घडी घालून चौकोन झालेलं, कडा तेलकट. दादा, तू मॅट्रिक पास झालास. मदुरेत आमच्याकडची पंधरावीस दुकानं आहेत, तिथं त्याला सगळे मॅट्रिक म्हणूनच हाक मारत. चेष्टेनं मारत असतील, पण तो त्या हाकेला ओ देत होता. सरकारी कागदात त्याचं नाव मॅट्रिक आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि मी त्याला बोलावलं ते त्याच कागदावर सही करायला, अशी त्याची समजूत झाली होती. सरकारला आपली सही पाहिजे म्हणजे पूर्ण पाहिजे, हा त्याचा हिशेब.

त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. जागा होती, वेळ होता, आईसुद्धा शेजारी गेली होती. उद्या तू सही करशील त्या कागदानं तुझं मॅट्रिक जाईल आणि मला मिळेल, एवढं एक वाक्य. मी मराठी चौथीला व्याकरण शिकवायचो, मला ते वाक्य जुळवता आलं नाही असं नाही. मी म्हणालो, कचेरीत तेवढ्याची गरज नसते, नाव पुरतं. तो बरं म्हणाला आणि कार्डाची घडी घातली.

पाचव्या दिवशी मामलेदारांपुढं उभे राहिलो. धरणेंद्र मुद्दाम सांगलीहून आला होता, मजकूर त्यानंच तयार केला होता आणि तो त्याच्यावर खूश होता. प्रतिज्ञा घेण्याआधी मजकूर वाचून दाखवायचा असतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कारकुनानं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. मी आकाराम हरिबा शिंदे, धंदा गलाई, राहणार मदुरा, शिक्षण इयत्ता दुसरी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मॅट्रिकची परीक्षा मी दिलेली नाही. माझ्या नावानं ती माझा धाकटा भाऊ कृष्णात हरिबा शिंदे, मॅट्रिक, ह्यानं दिलेली असून त्या शिक्षणावर माझा कोणताही हक्क नाही.

मी छत्रीच्या मुठीकडं बघत होतो. दादानं कारकुनाला तेवढा भाग पुन्हा वाचायला सांगितला. कारकुनानं वाचला. मामलेदारांनी विचारलं की हे सगळं खरं आहे का. दादा म्हणाला, व्हय. मग टाक घेतला आणि सावकाश, एकही अक्षर न चुकता सही केली. मामलेदारांनी ती उचलून बघितली आणि दुसरी शिकलेल्या माणसाच्या मानानं अक्षर चांगलं आहे असं ते बोलले. दादानं त्यांना कागदाची एक नक्कल मागितली. ती त्याला मिळाली.

मोटारीची वाट बघत झाडाखाली उभे होतो. धरणेंद्र पुढच्या अर्जांची यादी सांगत होता. तो पानपट्टीकडं गेला तेव्हा दादा म्हणाला, "किस्ना, आदी सांगितलं असतंस तरी मी सही केली असती."

मी रस्त्याकडं बघितलं, मोटार येत नव्हती.

"फकस्त पाटीवर तेवडं मॅट्रिक लिवून घेतलं असतं. घरातल्या घरात."

एवढंच. पुढं तो मोटार वेळेवर येते का आणि ह्या चढाला आपल्याला ढकलावं लागेल का, असल्या गोष्टी बोलला. आठ दिवसांनी तो मदुरेला गेला. गेल्यावर आई अंथरूण झाडायला लागली तेव्हा उशीखाली ती फडक्याची घडी निघाली. राहून गेली म्हणून पाठवून देऊ का, असं आईनं विचारलं. राहून गेलेली नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

कागद वर्षभर फिरले. विट्याहून सातारा, सातारा ते सांगली संस्थान, संस्थान ते मुंबई, मुंबईहून एक सही राहिली म्हणून पुन्हा विटा. माझा जन्मदिवस ठरवायला आईची जबानी झाली. तिनं मानमोडीच्या साथीच्या दुसऱ्या सालाला, शाळू पेरायच्या वक्ताला, असं सांगितलं आणि सरकारनं त्याचं भाषांतर दहा आक्टोबर एकोणीसशे एकोणीस असं केलं. चव्वेचाळीसच्या डिसेंबरात नवा दाखला आणि सर्टिफिकेट हाती आलं. कृष्णात हरिबा शिंदे, मॅट्रिक. गावात पेढे वाटावेत असं लालासाहेब म्हणाले. मी घरी येऊन रेशनिंग खात्याचा अर्ज काढला, मोत्यासारख्या अक्षरात नाव घातलं आणि जन्मतारखेच्या रकान्यात सरकारनंच दिलेली तारीख लिहिली. मग बोटांवर मोजून बघितलं. मी पंचवीस वर्षं आणि दोन महिन्यांचा झालो होतो. हे आता कुणालाही नाकबूल करता येणार नव्हतं, इतका पक्का पुरावा मी स्वतः गोळा केला होता.

धरणेंद्रनं कळवलं की वयाची अट शिथिल करण्यासाठीही एक अर्ज असतो. तो मी केला नाही.

दादाला सगळं लिहिलं. ह्या खेपेला एकही बाजू कोरी ठेवली नाही. तुझं घेतलं आणि माझ्या कामाला आलं नाही, हेही लिहिलं. दादाकडून त्या वर्षी दर महिन्याला एक कार्ड येत असे आणि त्यावर मजकूर म्हणून फक्त त्याचं नाव असे, कारण त्याला तेवढंच लिहिता येत होतं. पत्ता दुकानातला कुणीतरी घाली, आकाराम मास्तर म्हणून. नाव दिसलं की आई म्हणायची, बरा हाय. ह्या पत्रानंतर दोन महिने कार्ड आलं नाही.

मग एक दिवस आलं. आमच्याकडं टपाल शाळेतच येतं. मी पोरांना पाढे म्हणायला लावून पट भरत होतो. डाकवाला दारात उभा राहून कार्ड उलटसुलट करत होता, म्हणाला, पत्ता तर शाळेचा घातलाय पण ह्या नावाचा माणूस गावात कुणी नाही. मी कार्ड मागून घेतलं. मजकुराच्या जागी लिहिलं होतं, आकाराम हरिबा शिंदे, इयत्ता दुसरी. पत्ताही ह्या खेपेला त्याच हातानं घातला होता. अक्षरं एकेक करून त्या नकलेवरून उतरवलेली, वेलांट्या जरा मोठ्या. कृष्णात हरिबा शिंदे, मॅट्रिक. त्यानं शेवटी तो शब्द शिकून घेतला होता आणि माझ्या नावापुढं घातला होता.

त्या नावावर आलेलं आयुष्यातलं ते माझं पहिलं टपाल. डाकवाल्यानं पुन्हा विचारलं, हा कृष्णात मॅट्रिक कोण? पोरं पाढे थांबवून माझ्याकडं बघायला लागली होती. तो मीच, हे सांगायला मला जरा वेळ लागला.